ओल्या कचऱ्याचा गॅस : नाशकात सोसायटीत कुणी खरंच चालवलाय का?

पाथर्डीफाटा_९६
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. आमची ९६ फ्लॅटची सोसायटी, पाथर्डी फाट्याजवळ. गेल्या रविवारी मीटिंगला एक बायोगॅसवाले आले होते, लॅपटॉपवर हिरवी पानं, निळी ज्योत, हसरी मुलं वगैरे दाखवून गेले. म्हणाले तुमचा ओला कचरा रोज १०० किलो निघणार, त्यावर क्लबहाऊसचं किचन चालेल, वर सोन्यासारखं खत, दोन वर्षांत पैसे वसूल. कोटेशनचा आकडा बघून आमच्या खजिनदारांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आकडा तोच. अध्यक्ष मात्र एकदम पेटलेत (गॅस यायच्या आधीच). क्लबहाऊसच्या किचनमध्ये वर्षातून चार वेळा चहा होतो हे कुणीच बोललं नाही.

तर प्रश्न सरळ आहे, नाशकात कुणी सोसायटीत हे बसवलंय का आणि वर्षभरानंतरही चालू आहे का? ब्रोशर नकोत, आमच्याकडे सहा आहेत.

घंटागाडी_फॅन
दारात घंटागाडी येते, गाणं वाजवते, कचरा घेऊन जाते. सुख बोचतंय का राव?

लेथमास्तर
सातपूरला तीस वर्षं मशीनवर काढली, आता रिटायर, त्यामुळे वेळ भरपूर आहे, हिशोब करून देतो.

एका घरातून निव्वळ ओला कचरा साधारण अर्धा किलो धरा. ९६ घरांचे ४८ किलो. तुमचा सेल्समन १०० म्हणतो, म्हणजे त्यानं नारळाच्या करवंट्या आणि डायपर पण मोजलेत. १०० किलो खरकट्या-भाजीपाल्यातून ढोबळमानाने ८ ते १० घनमीटर गॅस येतो, ४८ किलोतून चारच्या आसपास. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सिलिंडरच्या गॅसचे साडेचारशे ग्रॅम, कारण यात मिथेन साठ टक्क्यांच्या आसपासच असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही, नुसता सोबत फिरतो. म्हणजे दिवसाला पावणेदोन किलो. १४.२ किलोचं सिलिंडर आठ दिवसांनी एक. महिन्याला पावणेचार.

आता महिन्याच्या पावणेचार सिलिंडरच्या किमतीला कोटेशनच्या आकड्यात बसवून बघा दोन वर्षांत वसूल होतं का. माझा विरोध नाही, पण गॅससाठी करत असाल तर गणित बसत नाही. कचरा जिरवायला करत असाल तर गोष्ट वेगळी.

पाथर्डीफाटा_९६
@लेथमास्तर, हे प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावू का?

लेथमास्तर
लावा, नाव टाकू नका. आमच्या सोसायटीचे अध्यक्षही इथे वाचतात.

द्राक्षबागवाला
आमच्याकडं निफाड तालुक्यात वस्तीवर गोबरगॅस आहे, माझ्या लहानपणी वडिलांनी बांधला, लोखंडी डोलाचा (शेणाच्या विहिरीवर तरंगणारी उपडी टाकी, गॅस साठला की वर येते), खादी ग्रामोद्योगवाला. मध्ये एकदा डोल गंजला म्हणून बदलला, बाकी विहीर तीच. आजी सकाळी अंगणात आली की आधी डोलाकडं बघायची. डोल कठड्याच्या वर चार बोटं असला की म्हणायची आज भाकरी आणि कालवण दोन्ही होतंय, खाली असला की "आज पिठलंच खा". तिला घनमीटर माहीत नव्हता पण अंदाज कधी चुकला नाही.

एक किलो शेणातून चाळीस लिटर गॅस म्हणतात, म्हणजे २५ किलो शेण असेल तर एक घनमीटर. आमच्या तीन म्हशी दोन गायी, तेवढ्यात घरचं भागायचं. आता दोनच जनावरं राहिली, त्यामुळं चहा-पाणी-आंघोळ त्यावर आणि बाकी सिलिंडर. आणि थंडीचं विसरू नका भो. निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा आमचा गॅस रुसलेला असतो. आतल्या जिवाणूंना पस्तीस-सदतीस डिग्री मानवते, ते डिसेंबरात कुठून आणायचे. वडील कोमट पाण्यात शेण कालवायचे आणि भोवती उसाचं पाचट रचायचे, तेवढा फरक पडायचा.

खरी कमाई गॅसची नाहीच, स्लरीची, म्हणजे गॅस निघाल्यावर उरतं त्या पातळ शेणाची. बागेला सोडली की जमीन भुसभुशीत होते, गांडूळ दिसतं. सोसायटीत ती कुठं ओतणार ते आधी ठरवा.

तिसरा_मजला
"आज पिठलंच खा" 😂 आमच्याकडे सिलिंडर भरलेला असतानाही हेच ऐकू येतं.

इतिहासाचा_किडा
हे काही नवं फॅड नाही बरं का. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस काढून वापरत होते. आणि वर ज्या डोलाचा उल्लेख आलाय त्याला पुढे घुमटवाला दीनबंधू मॉडेल आलं, १९८४ साली, त्यात लोखंड नसल्यामुळे गंजायचा प्रश्नच नाही, पण गवंडी पक्का लागतो, जरा चीर राहिली की गॅस हवेत. खरकट्यावर चालणारा छोटा घरगुती प्लांट म्हणाल तर पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वेंनी तयार केला, २००६ ला त्यासाठी लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा मुद्दा भारी होता, की शेण म्हणजे जनावरानं आधीच पचवलेलं अन्न, त्यातली ताकद त्यानं काढून घेतलेली असते. जिवाणूंना शेणापेक्षा पीठ, भात, खरकटं दिलं तर किलोमागे कितीतरी जास्त गॅस मिळतो आणि तोही लवकर.

कॉलेजरोड_काकू
मी गेली नऊ वर्षं गच्चीवर कंपोस्ट करते, तीन ड्रम आहेत, एक भरतोय, एक मुरतोय, एक वापरतोय. ना वीज ना गॅस ना कोटेशन. ओलं एक भाग टाकलं की वर सुका पाला दोन भाग, मूठभर जुनं खत विरजण म्हणून, आठवड्यातून एकदा ढवळायचं, झालं. वास येतो तो ओलं जास्त झालं म्हणून, दुसरं कारण नसतं. अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात, अहो त्या कामाला आलेल्या असतात. मधे हात घातला तर कढत लागतं, चांगलं जमलेलं कंपोस्ट पन्नास-साठ डिग्रीपर्यंत जातं, त्यात तणाचं बी पण मरतं. तुमच्या सोसायटीत झाडं असतीलच, माळी पाला जाळत असेल, आधी तो बंद करा.

घंटागाडी_फॅन
@काकू नऊ वर्षं अळ्या सांभाळताय, तुम्हाला दंडवत.

मिसळ_तर्री
मला एक शंका आहे. आपल्या नाशकात रविवारी सकाळी जेवढी तर्री ताटात उरते तेवढी प्लांटमध्ये टाकली तर चालेल का?

लेथमास्तर
थेंब-थेंब चालेल. तेलातून मिथेन उत्तम निघतो, पण एकदम बादलीभर टाकलं तर वर साय धरते आणि सगळं गुदमरतं.

मिसळ_तर्री
म्हणजे माझ्या पोटासारखंच.

पंचवटीकर
पण तो गॅस वापरून केलेली मिसळ "चुलीवरची" म्हणून विकता येणार नाही, हा धंद्याचा मोठा तोटा आहे.

मिसळ_तर्री
चुलीवरची म्हणजे काय असतं हो, मटकी कुकरला शिजते, फक्त रस्सा चुलीवर ठेवतात गिऱ्हाईकाला दिसेल असा. आणि पापडाशिवाय मिसळ देणाऱ्यांना तर

पंचवटीकर
धागा कशाचा आहे भाऊ.

गोविंदनगर_बी_विंग
आमच्याकडे होता. मुद्दाम "होता" लिहितोय.

सगळं सांगतो म्हणजे धागाकर्त्याला उपयोग होईल. पुरवठादाराचं नाव घेत नाही, आणि खरं सांगायचं तर चूक आमचीच जास्त होती. पहिले चार महिने झकास. शेणाचं विरजण घालून सुरुवात केली, पंधरा-वीस दिवस नुसता न जळणारा गॅस, मग एक दिवस बर्नर फुर्र करून पेटला, आम्ही पेढे वाटले. वॉचमनच्या खोलीत शेगडी दिली होती, बायोगॅसला दाब कमी म्हणून जेटचं भोक मोठं करून घ्यावं लागतं, ते केलं. मग आले गणपती. महाप्रसादाला चारशे पान. उरला किती? दोन मोठी पातेली मसालेभात, एक पातेलं शिरा, शिवाय जिलबीचा पाक. कमिटीतले एक उत्साही गृहस्थ म्हणाले अन्न वाया कशाला, टाकीला नैवेद्य. सगळं एका रात्रीत आत.

तिसऱ्या दिवशी टाकीतून ताकासारखा आंबट वास. गॅस भरपूर, ड्रम टम्म वर, पण काडी लावली की विझायची. नंतर कळलं की आत आम्ल झालं होतं. चुना टाकला, कमी पडला, परत टाकला, जास्त झाला. तेवढ्यात रोज टाकी भरणारा मुलगा दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही, आणि ९० सुशिक्षित कुटुंबांपैकी एकालाही बादली उचलावीशी वाटली नाही. माझ्यासकट. आता त्या ड्रमवर मनीप्लँट आहे, सुंदर वाढलाय.

तिसरा_मजला
शिरा घातल्यावर कुणीही आंबणारच.

जिवाणूताई
मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून राहवत नाही. बी विंगमध्ये जे झालं ते अगदी पाठ्यपुस्तकातलं आहे. टाकीत ढोबळ दोन टोळ्या असतात. पहिली टोळी भात-साखर-भाजी फोडून आम्लं बनवते, ही चपळ, काही तासांत कामाला लागते. दुसरी ती आम्लं खाऊन मिथेन बनवते, ही संथ, नाजूक, हिला हवा अजिबात चालत नाही आणि पीएच (आंबटपणाचं माप, खाली गेला की आंबट) ६.८ ते ७.५ च्या आत लागतो. एकदम शिरा ओतला की पहिली टोळी आम्लाचा ढीग लावते, दुसरीला तेवढं खाववत नाही, पीएच घसरतो, मग ती खाणंच सोडते. गॅस येतो पण तो कार्बन डायऑक्साइड, म्हणून काडी विझली. त्या वेळी चुन्यापेक्षा आधी उपास करायला हवा होता, आठ-दहा दिवस काहीही टाकायचं नाही, थोडं ताजं शेण-पाणी, आणि पीएचची साधी पट्टी रोज बुडवायची. खायचा सोडा चुन्यापेक्षा बरा, कारण तो एकदम उसळी मारत नाही.

आणि लिंबा-संत्र्याच्या साली टाकू नका. सालीतलं तेल या मंडळींना विषासारखं.

गोविंदनगर_बी_विंग
ताई, तीन वर्षं उशिरा भेटलात.

कॉलेजरोड_काकू
साली फेकू मात्र नका, बायोएन्झाइम करा. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. फरशी, बाथरूम, सिंक सगळ्याला मी तेच वापरते. फक्त पहिला महिना रोज झाकण सैल करून वाफ सोडायची. मी एकदा लेकीकडे पुण्याला पाच दिवस राहिले आणि आल्यावर किचनचं छत पिवळं. बाटली अख्खी होती, झाकण ट्यूबलाइटच्या पट्टीत अडकलेलं.

उपनगर_संशयी
हे सगळं ठीक पण मनपाचा तो कचऱ्यापासून वीज प्रकल्प होता ना मोठा गाजावाजा करून, त्याचं काय? घरात शिऱ्यानं बंद पडतं तर शहराचं काय चालणार.

इतिहासाचा_किडा
तो विल्होळीचा. जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी विकास संस्थेच्या मदतीने, २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. त्याची गंमत अशी की तो नुसत्या खरकट्यावर नाही, हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र पचवायला बांधलेला, रोज ३० टनांची रचना, वीज ३,३०० युनिटच्या घरात धरलेली. मैला आणि खरकटं एकत्र करण्यात डोकं आहे, कारण मैल्यात नायट्रोजन जास्त आणि खरकटं भराभर आंबणारं, एकमेकांना सावरून घेतात.

जिवाणूताई
+१. तो नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो आणि आम्ल थोपवतो. बी विंगच्या शिऱ्याला तेवढंच कमी पडलं.

गोविंदनगर_बी_विंग
महाप्रसादाच्या रात्री ते सुचलं नाही हे बरंच झालं.

लासलगावचा_भाव
कांद्याचं कुणी काढलंच नाही अजून? भाव पडला की आम्ही रस्त्यावर ओततो, साठवणीच्या चाळीत सडतो तो वेगळा. त्याचा गॅस करा की, निदान शेगडी तरी पेटंल.

द्राक्षबागवाला
भाऊ, करून बघितलंय. चाळीतला सडका कांदा थोडा शेणात मिसळून टाकला तर चालला, जास्त झाला की गॅसला सडक्या अंड्याचा वास आणि घरातली पितळेची भांडी काळी.

लेथमास्तर
कांद्यात गंधक आहे, त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. साधा उपाय, गॅसच्या नळीत मधे एक पाइप बसवा आणि त्यात गंज चढलेला लोखंडी चुरा भरा, लेथवर निघतो तो, सातपूर-अंबडला कुठल्याही वर्कशॉपमध्ये पोत्यानं पडलेला असतो. गंजाला गंधक चिकटतं. चुरा काळा पडला की बाहेर काढून पाणी शिंपडून हवेला पसरा, पुन्हा तांबूस होतो, परत वापरा. पसरायचा पातळ थरात, ढीग करून ठेवला तर तापतो, पेट पण घेतो. आणि नळीला सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक हवाच, नाहीतर ज्योत नाचायला लागते आणि लोक म्हणतात प्लांट बिघडला.

द्राक्षबागवाला
मास्तर तुमचा पत्ता पाहिजे, एक पोतं चुरा घेऊन या, बदल्यात द्राक्षं देतो.

बाकी आमच्याकडं खरा ढीग होतो तो छाटणीचा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा काड्याच काड्या. पूर्वी बांधावर पेटवून द्यायचो. त्या गॅसच्या टाकीत चालत नाहीत, लाकूड तिथं पचत नाही. आता ट्रॅक्टरवरच्या मशीननं बारीक करून ओळीतच पसरतो, वर स्लरी सोडतो, पावसाळ्यानंतर शोधून काडी सापडत नाही. वायनरीवाल्यांचा चोथा पण मिळाला तर आणतो, पण तो आंबट असतो, थेट झाडाला नाही घालायचा, आधी शेणाबरोबर कुजवायचा.

पंचवटीकर
माझ्या डोक्यात निर्माल्य आहे. रामकुंडावर रोज जे जमतं त्यात झेंडू असतो तसा दोरा, प्लास्टिकची पिशवी, अगरबत्तीचं पाकीट, फोटोची काचसुद्धा असते. फुलांचं खत, अगरबत्ती काहीही करा, पण आधी कुणीतरी बसून दोरा सोडवावा लागतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा हे किती पटीनं होणार देव जाणे. आमची आई हार उतरवला की आधी दोरा ओढून काढते आणि फुलं तुळशीत टाकते. तंत्रज्ञान एवढंच.

अंबड_सेफ्टी
सगळे गमतीत चाललेत म्हणून एक गंभीर पोस्ट. टाकी साफ करायची वेळ आली तर कुणीही, कितीही ओळखीचा प्लंबर असला तरी, आत उतरू देऊ नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोडा असतानाच येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वाटतं वास गेला. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. सेप्टिक टँकच्या अशा बातम्या तुम्ही वाचता. काम बाहेरून पंपाने करायचं. आणि गॅसची टाकी बंद खोलीत किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये बसवायची नाही, उघड्यावरच.

पाथर्डीफाटा_९६
@अंबड_सेफ्टी धन्यवाद, आमच्या ब्रोशरमध्ये ती बेसमेंटमध्येच दाखवली आहे, बोअरवेलच्या शेजारी!!

उपनगर_संशयी
करायचं नसेल तर नका करू, जबरदस्ती आहे का.

तिसरा_मजला
थोडी होती. २०१६ च्या घनकचरा नियमात ५,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं, २०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. पण तेव्हाही गॅसच करा असं नव्हतं, खत केलं तरी चालायचं. म्हणजे काकू जिंकल्या.

कॉलेजरोड_काकू
मी स्पर्धेत नव्हते 🙂

पाथर्डीफाटा_९६
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, अपडेट.

लेथमास्तरांचं ऐकून आम्ही आधी वजन केलं. भंगारवाल्याकडून काटा आणला, बारा दिवस रोज सकाळी आठला मी आणि खजिनदार गेटवर. लोकांना वाटलं आम्ही उपोषणाला बसलोय. ओला म्हणून आलेला कचरा सरासरी ३८ किलो. त्यातून करवंट्या, हाडं, दुधाच्या पिशव्या, चार चमचे, एक टीव्हीचा रिमोट (मालक अजून सापडलेला नाही) काढल्यावर २७. म्हणजे मास्तरांच्या हिशोबाने रोजचा एक किलो सिलिंडरगॅस, तेरा दिवसांनी एक सिलिंडर. अध्यक्ष दोन दिवस बोलले नाहीत.

मग बायोगॅसवाल्यांना परत बोलावलं, छोटा प्लांट किती म्हणून. ते जागा बघत होते, आमचे वॉचमनदादा मागे उभे. सुरगाण्याकडचे आहेत, अकरा वर्षं आमच्या गेटवर, आम्ही कधी काही विचारलं नाही त्यांना. ते हळूच म्हणाले, "साहेब, इथं नका लावू, इथं हिवाळ्यात बिल्डिंगची सावली दुपारी तीनपासून पडते, टाकी गार पडंल. तिकडं ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडं दिवसभर ऊन असतं." सेल्समन गप्प. मग कळलं त्यांच्या भावाकडे गावी गोबरगॅस आहे आणि तो यांनीच बांधायला मदत केलेली. भाजी किती बारीक करायची, पाणी किती, सगळं पाठ. महाप्रसादाचा किस्सा सांगितला तर हसले, म्हणाले "म्हशीला पण एकदम पेंड नाय घालत."

आता मीटिंगमध्ये वाद असा, की गॅस वॉचमनच्या खोलीला द्यायचा म्हटल्यावर दोघा सभासदांनी विचारलं "मग त्यांना फुकट का?" रोज २७ किलो खरकटं चाळणार ते, आणि गॅस फुकट म्हणे. खजिनदारांनी (हो, तेच चष्मावाले) उत्तर दिलं की ज्यांना फुकट वाटतंय त्यांनी आठवडाभर बादली उचलावी, गॅस त्यांच्या घरी देऊ. विषय संपला. शेवटी ठरलं ते असं, की आधी काकूंच्या पद्धतीने पाल्याचं आणि निम्म्या कचऱ्याचं खत, आणि दिवाळीनंतर लगेच नव्हे, फेब्रुवारीत, ऊन वाढायला लागलं की, छोटी टाकी ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, वायरमनला विचारून अंतर ठेवून. वॉचमनदादांचा पगार या कामासाठी वेगळा वाढवून, हे लेखी घेतलंय.

राहिला प्रश्न स्लरीचा. रोज साठ-सत्तर लिटर निघेल म्हणतात, आमच्या बागेला एवढी लागणार नाही.

द्राक्षबागवाला
दहापट पाणी घालून द्या, लागंल बरीच. उरली तर कॅन भरून ठेवा, मी शुक्रवारी नाशिकला मार्केटला येतोच, पिकअप रिकामी जाते.

लेथमास्तर
कॅनचं झाकण घट्ट लावू नका. काकूंचं छत आठवा.

मिसळ_तर्री
पिकअप कुठल्या मार्केटला येते? जवळ एक जागा आहे, पापड दोन देतात.